तिहेरी उडी: लंगडीपासून १४.११ मीटरपर्यंत

(या भागाचं लिखित रूप. बोलण्यातले ‘अं…’, ‘म्हणजे’ शक्य तितके काढलेत. सगळे निघाले नाहीत.)

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे होतोय. मुळशीतल्या एका गावातून आलेली, नववीतल्या मुलीची. तिची परवानगी घेऊन सांगतोय, पण नाव सांगत नाही. मागे म्हशींचा आवाज आहे, आणि ती भराभरा बोलतेय: “दादा, सरांनी मला शाळेच्या स्पर्धेत तिहेरी उडीला घातलंय. माझं नाव लांब उडीत होतं, तिथे जागा भरली म्हणून इकडे टाकलं. आजी म्हणते, असल्या उड्या मारून गुडघे जातील. मला एवढंच विचारायचंय, यात कुणी आपल्याकडची मुलगी पुढे गेलीये का? की मी उगाच मारतेय उड्या?”

तर दोन प्रश्न आहेत. कुणी पुढे गेलंय का, आणि गुडघे जातात का. दोन्हींची उत्तरं देतो. पण आधी ही उडी नक्की काय असते ते बघू, कारण टीव्हीवर बघून अर्ध्या लोकांना वाटतं की धावता धावता अडखळून पडतायत.

लंगडी आठवा. आपली, शाळेच्या मैदानावरची. एका पायावर उडी, त्याच पायावर उतरायचं. तिहेरी उडीचा पहिला भाग म्हणजे हीच लंगडी, फक्त एकच आणि प्रचंड लांब. याला हॉप म्हणतात. उजव्या पायाने उडालात तर उजव्याच पायावर उतरायचं. दुसरा भाग स्टेप. इथे पाय बदलतो. भाताच्या खाचरात मधे पाणी साचलंय, आणि या बांधावरून त्या बांधावर एकच ढांग टाकायचीय, तसं. उजव्यावरून डाव्यावर. आणि तिसरा भाग जंप. त्या डाव्या पायाने उसळी घेऊन दोन्ही पायांनी वाळूत. झालं.

ऐकायला सोपं आहे. अवघड काय आहे सांगतो. चांगली महिला खेळाडू फळीपर्यंत येते तेव्हा तिचा वेग सेकंदाला साधारण ९ मीटर असतो, म्हणजे तासाला ३२ किलोमीटरच्या आसपास. गावातल्या रस्त्यावर आपण दुचाकी चालवतो तेवढा. त्या वेगात एका पायावर उतरायचं, आणि तो पाय जमिनीवर किती वेळ असतो? सेकंदाचा जेमतेम सहावा-सातवा भाग. तेवढ्यात पुन्हा उडायचं. त्या क्षणी पायावर येणारा जोर शरीराच्या वजनाच्या दहा पटीहून जास्त मोजला गेलाय. आजीची काळजी अगदीच हवेतली नाही, हे इथेच कबूल करून टाकतो. त्यावर नंतर येतो.

आता खरी गोम. प्रत्येक वेळी पाय टेकला की थोडा वेग जातो. म्हणजे ही सगळी स्पर्धा वेग वाचवण्याची आहे. नवीन मुलं काय करतात? पहिली लंगडी जीव तोडून उंच मारतात. वाटतं, वा, काय उडालो! पण जितकं उंच जाल तितकं जोरात खाली आपटाल. गुडघा वाकतो, वेग मरतो आणि दुसरी ढांग इतकीशी पडते. त्यामुळे जाणकार प्रशिक्षक पहिल्या उडीला ‘सपाट ठेव, लांब ठेव’ म्हणत असतात. आणि उतरताना पाय पुढे रोवायचा नाही, मागे ओढत आणायचा. जमीन आपल्याखालून मागे ढकलतोय असं. जत्रेतल्या फिरत्या चक्रावर चढताना आपण आधी त्याच्या बरोबर धावतो ना, तसं काहीसं.

मोठ्या खेळाडूंच्या उडीचं माप ढोबळमानाने असं पडतं: पहिला भाग एकूण अंतराच्या ३६-३७ टक्के, दुसरा २९-३० टक्के, तिसरा ३४-३५. म्हणजे १४ मीटरची उडी असेल तर लंगडी पाचेक मीटर, ढांग चारेक मीटर, आणि शेवटची उडी पावणेपाच मीटरच्या आसपास. माणसागणिक हे बदलतं. पण मधला तुकडा जवळजवळ सगळ्यांचा सर्वांत लहान, आणि सगळा फरक तिथेच पडतो. तू सरावाचा व्हिडिओ काढलास तर आधी मधली ढांग बघ. ती लंगडीच्या निम्म्याहून कमी असेल तर लंगडी कमी कर. विचित्र वाटेल, पण एकूण अंतर वाढेल.

बरं, आता पहिला प्रश्न. कुणी पुढे गेलंय का?

एक गंमत सांगतो. आधुनिक ऑलिंपिकमधला सगळ्यांत पहिला विजेता कुठल्या खेळाचा होता माहितीये? तिहेरी उडीचाच. १८९६, अथेन्स, अमेरिकेचा जेम्स कॉनोली. त्याने १३.७१ मीटर उडी मारली. तेव्हाचे नियम सैल होते, त्याने चक्क दोन लंगड्या घातल्या आणि मग उडी मारली. आपल्याकडच्या पोरांनी तेव्हा भाग घेतला असता तर… असो.

पुरुषांसाठी १८९६. आणि महिलांसाठी ऑलिंपिकमध्ये तिहेरी उडी कधी आली? १९९६, अटलांटा. बरोब्बर शंभर वर्षं. महिलांची लांब उडीसुद्धा १९४८ ला आली होती, पण तिहेरी नाही. कारण काय, तर बायकांच्या शरीराला झेपणार नाही. हे वाक्य खेळात फार वेळा वापरलं गेलंय. जपानची किनुए हितोमी नावाची एक जबरदस्त खेळाडू होती. तिने १९२६ मध्येच ११.६२ मीटर तिहेरी उडी मारली होती. तिनेच १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरमध्ये रौप्यपदक घेतलं. त्या शर्यतीनंतर बायका दमून पडल्या अशी ओरड झाली आणि महिलांची ८०० मीटर शर्यतच बंद केली, ती थेट १९६० पर्यंत. शर्यत संपल्यावर पुरुषही ट्रॅकवर आडवे होतात, त्यावरून त्यांची शर्यत कुणी बंद केल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

महिलांच्या तिहेरी उडीचा जागतिक विक्रम अधिकृतपणे नोंदवायला सुरुवात झाली १९९० मध्ये. चीनची ली हुइरोंग, १४.५४. जागतिक स्पर्धेत हा प्रकार १९९३ ला आला आणि त्याच वर्षी रशियाची अ‍ॅना बिर्युकोवा १५ मीटरच्या पुढे गेली. १९९५ ला युक्रेनची इनेसा क्रावेट्स, स्वीडनमध्ये गोथेनबर्गला. पहिल्या दोन्ही उड्या फाउल. तिसरीही फाउल गेली असती तर स्पर्धेतून बाहेर. तिसरी मारली १५.५०. हा विक्रम पुढची २६ वर्षं टिकला.

म्हणजे लक्षात घ्या, हा खेळ मुलींसाठी नवा आहे. तुझ्या आजीच्या तरुणपणी तो अधिकृतपणे नव्हताच. तिने कुणाला त्यात बघितलं नाही, यात तिची काय चूक?

आता भारतात या. अंजू बॉबी जॉर्ज आपल्याला लांब उडीसाठी माहिती आहे, २००३ च्या जागतिक स्पर्धेतलं कांस्यपदक. पण तिहेरी उडीतला राष्ट्रीय विक्रमही अनेक वर्षं तिच्याच नावावर होता, १३.६७. मग २०१० ला दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या, तिथे एम. ए. प्रजुषाने १३.७२ मारली आणि तो विक्रम गेला. आत्ताच ऐकलेला आकडा आठवतोय? कॉनोली, १३.७१. भारतातली एक मुलगी पहिल्या ऑलिंपिक विजेत्याच्या एक सेंटिमीटर पुढे!

आणि मग मयूखा जॉनी. आजच्या भागाची खरी नायिका ती. जन्म ९ एप्रिल १९८८, केरळमधल्या कोळिकोड जिल्ह्यातलं कूराचुंड. डोंगराळ भाग, पाऊस धो धो. फोटो बघितलेत तर ताम्हिणीच्या अलीकडे आलोय असं वाटेल. ती लांब आणि तिहेरी दोन्ही उड्या मारायची. प्रशिक्षक श्यामकुमार.

२०११ हे तिचं वर्ष. त्या वर्षी ती तिहेरी उडीत १४ मीटर ओलांडणारी पहिली भारतीय महिला ठरली. जुलैमध्ये जपानच्या कोबे शहरात आशियाई अजिंक्यपद स्पर्धा होती. तिथे लांब उडीत ६.५६ मीटर मारून सुवर्ण. आणि तिहेरी उडीत १४.११, कांस्य. ऑगस्टमध्ये कोरियात दाएगूला जागतिक स्पर्धा, तिथे लांब उडीच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि नववी आली.

आता तो आकडा नीट बघा: १४.११. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी महिलांच्या तिहेरी उडीचे दोन पात्रता निकष होते. वरचा १४.३०, खालचा १४.१०. वरचा जमला नाही तर खालच्यावर देशातून एकीला जाता यायचं. मयूखाची उडी १४.११. एक सेंटिमीटर! तुमच्या मोबाइलची जाडी बघा, साधारण तेवढंच. तेवढ्यावर ती लंडनला गेली.

लंडनमध्ये काय झालं? गोड शेवट नाही. पात्रता फेरीत सर्वोत्तम उडी १३.७७, बाविसावा क्रमांक, अंतिम फेरी हुकली. ते सुवर्ण कझाकस्तानच्या ओल्गा रिपाकोवाने घेतलं, १४.९८ मारून. बातम्यांमध्ये मयूखाला दोन ओळी मिळाल्या असतील. ‘भारताची निराशा’ वगैरे. मला तो शब्द आवडत नाही. ज्या प्रकारात देशातल्या कुठल्याच बाईने १४ मीटर बघितले नव्हते, तिथे ती एकटी जाऊन उभी राहिली. तिच्यापुढे आपल्याकडची कुणीच नव्हती जिला विचारावं, की बाई, ऑलिंपिकच्या धावपट्टीवर उभं राहिल्यावर पोटात काय होतं?

आणि आता मुळशीकरांनो, कान इकडे करा. २०१३ मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धा आधी चेन्नईत व्हायच्या होत्या. तिथून त्या हलल्या आणि आल्या पुण्याला. जुलै महिना, ३ ते ७ तारीख. जागा: श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल, म्हाळुंगे-बालेवाडी. सगळे नुसतं ‘बालेवाडी’ म्हणतात, पण त्यातलं म्हाळुंगे हे मुळशी तालुक्याचं गाव. २०२१ मध्ये ते पुणे महापालिकेत गेलं, पण सात-बाऱ्यावर मुळशी लिहिलेली माणसं तिथे अजून आहेत. पौडहून निघालात की पिरंगुट, लवळे, नांदे करत आलात की पुढ्यात तेच. हे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलं. २००८ ला इथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. आणि २०१३ ला अख्ख्या आशियातल्या उडी मारणाऱ्या बायका इथल्या वाळूत उतरल्या. मयूखासुद्धा होती. लांब उडीत तिने कांस्यपदक मिळवलं, इथे, तुझ्या तालुक्याच्या वेशीवर.

मुळशी म्हटलं की लोकांना धरण, तांदूळ आणि कुस्तीची तालीम आठवते. वाळूचा खड्डा कुणाला आठवत नाही. पण तो आहे.

महाराष्ट्रातल्या मुली तिहेरी उडीत राष्ट्रीय स्पर्धांमध्ये उतरतात, पदकंही आणतात. पण १४.११ च्या पलीकडे हा भाग रेकॉर्ड करेपर्यंत कुणाचीही उडी मान्य झालेली नाही, ना इथल्या, ना बाहेरच्या. २०२२ मध्ये चेन्नईत एका खेळाडूने १४.१४ मारली होती. सगळीकडे ‘११ वर्षांचा विक्रम मोडला’ अशा बातम्या आल्या. मग त्याच स्पर्धेतला तिचा नमुना उत्तेजक चाचणीत सापडला, चार वर्षांची बंदी आली आणि उडी रद्द झाली. नाव घेत नाही, तिला शिक्षा झालीये. पण तुला सांगून ठेवतो, जिममधल्या कुणी ‘खांद्याला बरं वाटेल’ म्हणून दिलेली गोळी, पावडर, काहीही घ्यायचं नाही. डॉक्टरांना ‘मी खेळाडू आहे’ हे आधी सांगायचं. बंद्या फक्त मोठ्या खेळाडूंवर येतात असं नाही.

मुलांकडे काय झालं तेही एका दमात सांगतो. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत एल्डोस पॉल १७.०३ आणि अब्दुल्ला अबूबकर १७.०२, सुवर्ण आणि रौप्य, दोघेही भारताचे. २०२३ ला प्रवीण चित्रवेलने १७.३७ मारली. मुलांच्या बाजूला रांग लागलीये. मुलींच्या बाजूला मयूखाचा आकडा अजून एकटाच उभा आहे.

आता जगातली सर्वोत्तम. युलिमार रोहास, व्हेनेझुएला, जन्म १९९५, उंची १.९२ मीटर. आपल्या घराच्या चौकटीतून वाकून यावं लागेल तिला. गरीब वस्तीतलं लहानसं घर. आधी व्हॉलीबॉल खेळायची, मग उंच उडी, मग इकडे. २०१५ मध्ये तिला फेसबुकवर इव्हान पेद्रोसोचं प्रोफाइल दिसलं. क्यूबाचा लांब उडीतला ऑलिंपिक विजेता, आता स्पेनमध्ये प्रशिक्षक. तिने सरळ मेसेज टाकला. त्याने तिला बोलावलं, ती स्पेनला गेली. पुढच्याच वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये रौप्य, कोलंबियाच्या कॅटरिन इबार्गुएनच्या मागे. २०१७ च्या जागतिक स्पर्धेत त्याच इबार्गुएनला दोन सेंटिमीटरने हरवलं, १४.९१ विरुद्ध १४.८९. टोकियो ऑलिंपिकमध्ये शेवटच्या उडीत १५.६७, क्रावेट्सचा विक्रम गेला. २०२२ मध्ये बेलग्रेडला इनडोअर १५.७४. तो आजचा विश्वविक्रम. पीएमपीची मोठी बस साधारण १२ मीटरची असते. बसच्या मागच्या बंपरपासून उडायचं आणि पुढच्या काचेच्याही जवळजवळ पावणेचार मीटर पुढे जाऊन पडायचं.

पण मला तिची आवडती उडी वेगळी आहे. २०२३, बुडापेस्ट, जागतिक स्पर्धा. काही जमतच नव्हतं. शेवटच्या फेरीला ती आठव्या क्रमांकावर होती. एकच उडी हातात. १५.०८, सुवर्ण. यूट्यूबवर आहे, आवाज चालू ठेवून बघा.

आणि मग एप्रिल २०२४. सरावात टाचेच्या वरची जाड शीर, अकिलिस टेंडन, फाटली. पॅरिस ऑलिंपिक गेलं. तिथलं सुवर्ण डॉमिनिका या चिमुकल्या बेटाच्या थिया लाफाँडने नेलं, १५.०२. रोहास २०२५ च्या जागतिक स्पर्धेत परत आली आणि कांस्य घेऊन गेली.

म्हणजे आलो आपण आजीच्या प्रश्नावर. गुडघे जातात का?

जाऊ शकतात. चुकीचं केलं तर. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पाय जायबंदी होतो, तर आपल्याला काही होणारच नाही असं मी म्हणणार नाही. पण बहुतेक त्रास स्पर्धेत सुरू होत नाही, सरावात होतो. डांबरी रस्त्यावर, शाळेच्या फरशीवर, सिमेंटच्या कोब्यावर शंभर शंभर लंगड्या घातल्या की होतो. लंगड्या गवतावर किंवा मऊ मातीवर घाल, बूट घालून. मुळशीत गवताची वानवा नाही, पावसाळ्यात फक्त घसरडं बघ. पूर्ण पळत येऊन तिन्ही उड्या रोज मारायच्या नसतात. चांगले प्रशिक्षक वाढत्या वयाच्या मुलींना त्या मोजक्याच मारू देतात. बाकी दिवस चार-सहा पावलांच्या धावेवरून छोट्या उड्या, बैठका, पोटरीचे व्यायाम, आणि वेगासाठी धावणं. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात ते ठीक आहे. गुडघ्याच्या वाटीखाली, टाचेला किंवा नडगीला टोचल्यासारखं दुखत राहिलं तर थांबायचं आणि सरांना सांगायचं. ‘सर रागावतील’ म्हणून लपवायचं नाही.

अजून एक गोष्ट, ही सरांनाही ऐकव. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत महिलांसाठी फळी वाळूपासून ११ मीटरवर असते, पुरुषांसाठी १३. शाळेतल्या मुलीची उडी १० मीटरची असेल आणि फळी ११ वर असेल, तर ती वाळूत पोहोचणारच नाही, थेट कडक जमिनीवर बसेल. लहान स्पर्धांमध्ये फळी जवळ आणायची मुभा नियमातच आहे. नसेल फळी तर चुन्याची रेघ मारा, सात, आठ, नऊ मीटर, जी ज्या मुलीला सोयीची. किती मुलींनी ही उडी फक्त त्या एका रेघेच्या भीतीने सोडली असेल, देव जाणे.

फाउलचंही सांगतो, कारण तू विचारशील. पायाचं टोक फळीच्या पुढच्या कडेच्या पलीकडे गेलं की फाउल. कडेच्या अलीकडे कितीही मागून उडालीस तरी चालतं, पण माप कडेपासूनच, मागे राहिलेलं अंतर फुकट. म्हणून धाव मोजायची असते. पावलं मोजून खूण कर, आणि प्रत्येक वेळी तिथूनच सुरुवात कर. पहिलं पाऊल कुठल्या पायाने टाकायचं तेही ठरव. अर्धे फाउल पहिल्या दोन पावलांतच ठरलेले असतात. वाळूत उतरल्यावर मागे हात टेकायचा नाही, माप त्या हातापासून घेतात.

तर मुली, ‘उगाच मारतेय का’ याचं उत्तर मी देऊ शकत नाही, ते टेप देईल. आज संध्याकाळी असं कर. मैदानावर एक रेघ मार, आणि तिथून टेपने १४ मीटर ११ सेंटिमीटर मोजून दुसरी. टेप नसेल तर सुताराकडे नाहीतर गवंड्याकडे मिळेल. आजीला घेऊन जा. पहिल्या रेघेवर तिला उभी कर आणि दुसरीकडे बोट दाखव. मग तुझी स्वतःची उडी मोज आणि तिसरी रेघ मार. ती कुठे पडली ते मला व्हॉइस नोटवर कळव. आणि हो, या वेळी म्हशींपासून जरा लांब उभी राहून बोल.

भेटू पुढच्या भागात.